अंगठ्याने सरळ केलेली काडतुसं

आधी आमच्या मायस्टरांबद्दल सांगते, काय झालं ते नंतर. उलटं सांगितलं तर सगळं मीच निभावून नेलं असं वाटेल, आणि तसं काही नव्हतं. मायस्टर म्हणजे वर्कशॉपमधला मुख्य कारागीर. वय पासष्टच्या आसपास, उंच, खांद्यात वाकलेले, खिशात फेल्टपेन. सकाळी "मोर्गन" आणि संध्याकाळी "फायराबेंड" या दोन शब्दांच्या मध्ये दिवसभरात जेमतेम दहा वाक्यं बोलायचे. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते का केलं, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक म्हणाले असते, काम होतं म्हणून.

माझी शाळा नववीत सुटली. घरात मी थोरली, आईचं आजारपण, पुढचं सांगायला नको. सतराव्या वर्षी शिरोलीच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनला लागले. शाफ्ट व्ही-ब्लॉकच्या खाचेत ठेवायचा, डायल लावायची, फिरवायचा, काटा बघायचा. आठ वर्षं तेच केलं. मग लग्न, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी यांना जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत काम मिळालं म्हणून इकडे. यांच्या ओळखीतली सगळी माणसं एमटेक, पीएचडी. त्यांच्या बायकाही तशाच. जेवायला कुणाकडे गेलं की "तुम्ही काय केलंय?" हा प्रश्न यायच्या आत मी भांडी घासायला उठायचे.

इथे नोकरी मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गावाबाहेर, जंगलाला लागून एक छोटं वर्कशॉप आहे, बसने चाळीस मिनिटं. सगळी मिळून आठ माणसं. त्यांना डायल वाचणारं कुणीतरी हवं होतं. जर्मन तोडकंमोडकं चालेल म्हणाले, सर्टिफिकेट मागितलं नाही, समोर डायल ठेवली आणि वाच म्हणाले. मी वाचली. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेची मुदत. त्या मुदतीत ते कधीही नको म्हणू शकतात. यांचं कंत्राट उन्हाळ्यात संपणार होतं, वाढेल की नाही कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून ते सहा महिने मी जीव मुठीत धरून काढत होते. बस दोन मिनिटं उशिरा आली तरी दहादा घड्याळ बघायचे.

वर्कशॉपमध्ये काय बनतं ते सांगते. इथे गावोगावी नेमबाजीचे क्लब आहेत. त्यातली काही माणसं परवाना काढून आपली काडतुसं घरीच भरतात. एकदा उडालेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, साफ करून परत आकारात आणायची, तिच्यात ठिणगी पाडणारा नवा प्रायमर, तोलून घेतलेली पावडर आणि वर नवी गोळी. गोळी केसच्या मानेत दाबून बसवायला डाय, म्हणजे साचा, लागतो. तो डाय आम्ही बनवतो. गोळी सरळ बसली पाहिजे. थोडी जरी कलली तरी काडतूस फिरवल्यावर टोक डुगडुगतं. त्या डुगडुगण्याला रनआउट म्हणतात. रनआउट जास्त असला की लांबच्या कागदावर भोकं पांगतात आणि मग ती माणसं सबंध आठवडा तोंड पाडून फिरतात. आमच्याकडे फोन करून तासतासभर तेवढंच बोलतात. सुरुवातीला मला हसू यायचं.

माझं काम तपासणीचं. प्रत्येक डायमध्ये दहा काडतुसं बसवून बघायची. पावडर नाही, प्रायमर नाही, नुसती केस आणि गोळी. म्हणजे मला परवान्याची गरज नाही. हे मी तीनदा विचारून घेतलं आणि घरी यांना कायदाही वाचायला लावला. काडतूस दोन टेकूंवर आडवं ठेवायचं, डायलचं टोक गोळीला टेकवायचं, बोटाने हळू फिरवायचं. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन भाग काटा हलला तर चालतं. चार झाले की डाय बाजूला. मायस्टरांनी पहिल्या दिवशी एकदा करून दाखवलं, माझ्याकडून एकदा करून घेतलं, मान हलवली आणि गेले.

मी रोज आकडे लिहीत होते. दोन, एक, दोन, दोन, एक. कागद सुंदर दिसायचा.

मार्चच्या सुरुवातीला एक म्हातारे गिऱ्हाईक स्वतः गाडी घेऊन आले. हातात आमचाच डाय आणि एक पुठ्ठ्याचा खोका. त्यांनी खोक्यातून दहा काडतुसं काढून शेफच्या टेबलावर ओळीने मांडली. शेफ म्हणजे मालक. मायस्टरांनी एकेक डायलखाली फिरवलं. सात, आठ, सहा, आठ. मी माझ्या बाकावरून ऐकत होते. आकडे मला कुठल्याही भाषेत कळतात.

शेफनी माझा त्या डायचा कागद मागवला. त्यावर दोन आणि एक. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, त्याची मला सवय आहे. कागद माझ्यासमोर ठेवून हळू म्हणाले, "हे आकडे फार छान आहेत."

जर्मन तर सोडाच, मराठीसुद्धा आठवेना. ते म्हणाले, शुक्रवारी बोलू. माझी प्रोबेत्साइट एकतीस मार्चला संपत होती.

त्या दिवशी बसमध्ये बसले आणि उतरायचा थांबा निघून गेला. परत चालत आले. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, तू आकडे मनाने तर नाही ना लिहिलेस?" नवऱ्याला हे विचारावं लागलं, याचंच मला जास्त लागलं. मनाने लिहिले नव्हते. प्रत्येक आकडा डायलवर बघून लिहिला होता. शपथ घेऊन सांगितलं. मग गिऱ्हाइकाचे आठ कुठून आले, ते मात्र मला सांगता येईना. खरं म्हणजे थोडंसं सांगता येत होतं. ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायस्टर आपला स्टूल घेऊन माझ्या बाकाशी आले. म्हणाले, रोज करतेस तसं कर. त्यांनी गिऱ्हाइकाचाच डाय प्रेसला लावला आणि माझ्यासमोर दहा केस आणि दहा गोळ्या ठेवल्या. हातांना काम माहीत होतं. पहिली गोळी बसवली, काडतूस टेकूंवर ठेवलं, फिरवलं. काटा सातावर गेला. मी उंच बाजू वर आणली, तिच्यावर अंगठा ठेवला, दाबलं, परत फिरवलं. दोन. लिहिलं. दुसरी केस उचलली.

"हाल्ट," मायस्टरांनी थांबवलं.

त्यांनी माझा अंगठा धरून वर केला, डॉक्टर धरतात तसा. विचारलं, हे काय केलंस. मी म्हटलं, ट्रू केलं. तो शब्द त्यांना कळला नाही. मग मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, वाकडं होतं, सरळ केलं. चूक काढून टाकली.

त्यांनी माझा अंगठा सोडला. मग विचारलं, कुणी शिकवलं.

शिरोलीला शाफ्ट भट्टीतून आले की थोडे वाकलेले असायचे. इन्स्पेक्शनच्या बाकावर आम्हा बायकांच्या हाताशी तांब्याची छोटी हातोडी असायची. डायलवर उंच बाजू दिसली की तिथे एक टोला, परत फिरवायचं, पास. जिच्या हाताला अंदाज चांगला तिला मान. मुद्दाम रिजेक्ट बाजूला ठेवलं तर सुपरवायझर यायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचा, "काय मावशी, रिजेक्शन डब्यात घालून घरी नेणार का? सासू भाजी करून घालेल." बाकीच्या हसायच्या. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, तरी मावशी. आठ वर्षांत अंगठ्याला एवढंच कळलं होतं, की वाकडं पुढे सोडायचं नाही. आणि तिथे ते बरोबरही होतं, कारण तिथे शाफ्टच विकायचा होता. इथे काडतूस कुणालाच विकायचं नव्हतं. ते नुसतं डायबद्दल काय ते सांगण्यासाठी होतं, आणि मी अंगठ्याने त्याचं तोंड बंद करत होते.

हे मला मायस्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. त्यांनी फेल्टपेन काढलं आणि उरलेल्या केसवर, डायमध्ये जायच्या आधी, पुढच्या बाजूला एक ठिपका केला. बसवल्यावर फिरवून बघितलं. सगळ्यांची उंच बाजू ठिपक्याच्या उजव्या अंगाला. म्हणाले, केस वाईट असेल, तिच्या मानेचा पत्रा एका बाजूला जाड असेल, तर गोळी कुठेही कलते, प्रत्येक काडतुसात वेगळी. सगळी एकाच बाजूला कलली तर दोष डायचा. मग त्यांनी डाय उघडला. आत गोळीच्या डोक्यावर टेकणारा एक छोटा दांडा असतो, त्याला खाली वाटीसारखा खोलगट भाग असतो. ती वाटी मध्यावर नव्हती. डोळ्यांना दिसत नाही एवढी सरकलेली. गोळी दरवेळी तिरकीच दाबली जात होती.

शुक्रवारी शेफच्या खोलीत आम्ही तिघं. मायस्टर मुद्दाम हळू बोलत होते, मला कळावं म्हणून. म्हणाले, तिने आकडे बनवले नाहीत. तिने काडतुसं सरळ केली आणि मग मोजली. पहिल्या दिवशी मी एकदा दाखवून निघून गेलो, पाच महिने तिच्या शेजारी बसलो नाही. बसलो असतो तर पहिल्या दहा मिनिटांत दिसलं असतं. चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा.

शेफनी माझ्याकडे बघून विचारलं, "अंगठ्याने? सातावरून दोनावर?"

मी मान हलवली.

"आपण यासाठी एक यंत्र विकतो," ते मायस्टरांना म्हणाले. मायस्टर हसले नाहीत. शेफ थोडे हसले, मग तेही थांबले, कारण मी लागल्यापासून गेलेले सगळे डाय परत मागवावे लागणार होते. सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं. मायस्टर एवढंच म्हणाले, "तिला हे माहीत नव्हतं."

तिथे मी गप्प बसले. मला गप्प बसायला चांगलं येतं.

दुपारी मायस्टर मागच्या दाराशी बाकड्यावर पाव खात होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. घरी डोक्यात जुळवून ठेवलेलं वाक्य पुसून गेलं होतं, मग जे आलं ते बोलले.

"मायस्टर, मला माहीत होतं."

ते चावायचे थांबले.

दोष डायमध्ये आहे हे मला माहीत नव्हतं, पण काहीतरी बदललंय हे माहीत होतं. आधी दहात एखादं काडतूस वाकडं निघायचं, कधी या बाजूला, कधी त्या. मग एका आठवड्यापासून दहाची दहा वाकडी यायला लागली आणि अंगठा दरवेळी त्याच जागी पडायला लागला. संध्याकाळपर्यंत अंगठा दुखायचा. मला जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगायला चार वाक्यं लागली असती, आणि उलट एक प्रश्न आला असता, आणि तो मला कळला नसता. दाबून टाकणं सोपं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"नाताळच्या सुट्टीनंतर. पहिल्या आठवड्यात नाही. दुसऱ्या."

"नक्की?"

"गेनाऊ, अगदी नक्की," मी म्हटलं. अंगठा दुखायला लागला तेव्हा घरी हे म्हणाले होते, थंडीमुळे असेल, म्हणून हातमोजे आणले होते. तो दिवस मला आठवत होता.

त्यांनी पाव कागदात गुंडाळला आणि आत गेले. दांडे कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर झाले त्याची वही असते. जानेवारीच्या त्याच सुमाराला मशीनचा दांडा धरणारा भाग बदललेला होता. तो नीट बसला नव्हता. मायस्टर वही बंद करून म्हणाले, "हे तू सांगायचं. मी सांगणार नाही."

मी एकटी गेले. ते दाराबाहेर उभे होते एवढं मला ठाऊक होतं. क्रियापदं सगळी चुकीच्या जागी पडली. शेफ पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, म्हणजे सगळे डाय नाहीत, जानेवारीनंतरचेच. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला भीती वाटली." एवढं वाक्य मला पुण्यात व्हिसाच्या परीक्षेसाठी शिकवलं होतं. कधी वापरीन असं वाटलं नव्हतं.

ते म्हणाले, डाय परत येऊ देत. मग बघू.

पुढचे आठवडे कसे गेले ते नीट आठवतही नाही. रोज खोकी यायची. खोकं उघडा, डाय काढा, दहा केसवर ठिपके, दहा गोळ्या, फिरवा, लिहा. सात लिहा. आठ लिहा. स्वतःच्या जुन्या सुंदर कागदाशेजारी नवा कागद लावा. शनिवारीही तेच. बसमध्ये डोळे मिटले की काटा हलताना दिसायचा. घरी आले की हे वरणभात लावून ठेवायचे आणि मी ताटावर बसूनच पेंगायचे. सगळ्यात जास्त थकवा अंगठ्याला आवरण्याचा. काडतूस वाकडं दिसलं की तो आपोआप उठायचा. मायस्टर शेजारून पेनाने टिचकी मारायचे, एक शब्द न बोलता.

मधूनमधून शिकवायचे. वाटी नवीन बसवली तरी एक-दोन शतांश राहतातच, तर गोळी अर्धी दाबायची, केस अर्धा वळसा फिरवायची आणि मग पूर्ण दाबायची, तिरकेपणा थोडा आपसात मिटतो. केसच्या मानेची जाडी आधी मोजून जाड-पातळ वेगळ्या काढायच्या. आणि बसलेली गोळी नंतर दाबून सरळ केली तर आकडा चांगला येतो, पण मानेतली पकड सैल होते, हे त्यांनी मला एक गोळी चिमटीत हलवून दाखवलं. माझ्या अंगठ्याखालून गेलेल्या सगळ्या गोळ्या तशाच असणार.

या सगळ्यात एक गोष्ट मला उशिरा कळली. मायस्टर मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या बायकोने समुद्रकाठी तीन आठवड्यांची जागा घेऊन ठेवली होती. एकदा त्यांचा फोन वाजला तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडचा आवाज चढलेला, मायस्टर फक्त "हो, हो" म्हणत होते. ठेवल्यावर मी विचारलं, माझ्यामुळे का. म्हणाले, दांड्यामुळे.

एकतीस मार्चला मी सकाळपासून शेफच्या दाराकडे बघत होते. काढायचं असेल तर पत्र देतात, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ठेवायचं असेल तर काही देत नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं. चार वाजले. शेफ कोट घालून निघाले, माझ्या बाकाशी थांबले, त्या दिवसाचा कागद उचलून बघितला. सात, आठ, सात, सहा. "वाईट आकडे," म्हणाले, कागद परत ठेवला आणि गेले.

मी मायस्टरांकडे बघितलं. ते डाय पुसत होते. "आल्झो," ते म्हणाले, "राहिलीस."

आनंद झाला असेल, पण आठवतो तो फक्त थकवा. स्टुलावर बसून राहिले आणि बस गेली.

मायस्टर एप्रिल संपेपर्यंत येत राहिले. शेवटच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ते डायलजवळ वाकतात, मग मान मागे घेतात, मग मला विचारतात, किती. आधी वाटलं माझी परीक्षा घेतायत. मग एकदा काटा स्पष्ट चारावर असताना ते दोन म्हणाले. मी चार म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, एका डोळ्याचं ऑपरेशन आहे, दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. घरी तळघरात त्यांची स्वतःची प्रेस आहे, तीस वर्षं ते स्वतःची काडतुसं भरतात. आता ते बंद करावं लागेल, कारण न मोजता भरण्यात त्यांना अर्थ वाटत नाही.

मी म्हटलं, मी येईन मोजायला. ते म्हणाले, ती खरी काडतुसं, तुला हात लावता येणार नाही, परवाना नाही. मी म्हटलं, हात नाही लावणार. तुम्ही फिरवा, मी नुसता काटा वाचेन. जाताना ते आपल्या गावाच्या बसचा नंबर माझ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून गेले.

अजून गेलेले नाही. त्यांचं ऑपरेशन व्हायचंय, आणि मीही रविवारी उठायच्या अवस्थेत नसते. पण मायस्टर, मी येणार आहे. तुमच्या तळघरात तुमच्या शेजारी बसेन, तुम्ही फिरवाल तेवढी सगळी काडतुसं वाचेन, आणि काटा नऊवर गेला तर नऊच सांगेन.